निष्क्रिय काका

झांशीत ओरछा गेटाच्या आत राहणारे आमचे काका निष्क्रिय आहेत, असं एका सुरक्षित पोर्टलनं जाहीर केलं आहे. वस्तुस्थिती अशी, की काका पहाटे चारला उठतात. पूजा, दूध, दोन वर्तमानपत्रं आणि गल्लीतल्या चालू भांडणाचा निवाडा, एवढं अकराच्या आत उरकून ते पोर्टलपुढे बसतात. आपण हयात आहोत की नाही, असलो तर बँक खातं तेच आहे का, अशी चौकशी तिथं असते. काका एका बोटानं, ऱ्हस्वदीर्घ तपासत उत्तरं भरतात. पत्ता, पिनकोड, खाते क्रमांक दोनदा. मग ‘पुढे’ दाबतात आणि पडद्यावर येतं: बराच वेळ आपली कोणतीही हालचाल न झाल्यानं आपलं सत्र संपलं आहे.

“हालचाल नाही? मग हे सगळं काय भुतानं लिहिलं?”

पोर्टलच्या लेखी जवळजवळ तसंच. बऱ्याच संकेतस्थळांवर आपण लिहीत असतो तेव्हा अक्षरं आपल्याच कॉम्प्युटरात पडून असतात. सर्व्हरच्या कानावर काही जातं ते बटण दाबल्यावर. मधल्या वेळात माणूस घाम गाळतोय की घोरतोय, त्याला पत्ता नसतो. त्यात वेबचा स्वभाव मुळातच विसराळू. प्रत्येक विनंती नवी, मागची ओळख नाही. १९९४ साली नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी यावर ‘कुकी’ची तोड काढली. आज आत शिरताना सर्व्हर एक टोकन देतो, ब्राउझर ते दर फेरीला दाखवतो. ठरल्या वेळात फेरी झाली नाही, की टोकन बाद.

टोकन म्हटल्यावर काका ताठ बसले. ते निवृत्त स्टेशनमास्तर. एकेरी मार्गावर टोकनचा गोळा ड्रायव्हरच्या हाती देण्यात उभी नोकरी गेली. गोळा त्याच्याकडे असेतो त्या सेक्शनात दुसरी गाडी नाही, मग मालगाडी रखडत का जाईना.

“गाडी हळू चालते म्हणून अर्ध्या वाटेत तिचं टोकन मी रद्द केलं असतं, तर मला घरी बसवलं असतं,” काका म्हणाले. “इथं मला घरीच बसवलंय, आणि तरी बाहेर काढतात.”

दुखणं गल्लीत कळल्यावर उपाय चालत आले. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्या मुलानं “अंकल, कैश क्लियर कर लो” एवढं सांगून हात झटकले. कॅश साफ केली. तिच्याबरोबर साठवलेला पासवर्डही साफ झाला. मग नातू मदतीला धावला. त्यानं आजोबांच्याच नावानं आपल्या मोबाइलवर प्रवेश केला. पोर्टल एका वेळी एकालाच आत ठेवतं. नातू आत गेला की आजोबा बाहेर, आजोबा पुन्हा शिरले की नातू बाहेर. दोघं दोन खोल्यांत बसून, एकमेकांवरच्या निव्वळ प्रेमापोटी, दुपारभर एकमेकांना हाकलत होते.

तेवढ्यात लाइट गेली. झांशीच्या उन्हाळ्यात ती जातेच. वायफाय बंद पडलं, मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू झाला, म्हणजे इंटरनेटवरचा काकांचा पत्ता बदलला. काही कडक पोर्टलांना एवढं पुरतं: टोकन तेच, पत्ता भलता, तेव्हा हे चोरीचं असणार! काका ज्या खुर्चीत बसले होते त्याच खुर्चीत बसून फरार ठरले.

लाइट आल्यावर आणखी एक भानगड. मदरबोर्डावरचा रुपयाएवढा चपटा सेल संपला, की बंद करून चालू केलेला कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे जाऊन बसतो. मग ब्राउझरला संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं दिसत नाही, आणि तो दार उघडायला नकार देतो. घड्याळ उलट बरंच पुढे असेल, तर मुदतीची कुकी मिळाल्या क्षणीच मेलेली ठरू शकते. सेल बदलायला पाच मिनिटं लागतात. बाकीच्या निदानांना दोन आठवडे लागले तरी चालतात, म्हणून सेलकडे कुणी बघत नाही.

काकांनी मात्र स्टेशन डायरीच घातली. किती वाजता आत गेलो, कोणत्या पानावर होतो, किती वाजता बाहेर. ही युक्ती उत्तम. हकालपट्टी दर वेळी तितक्याच मिनिटांनी होत असेल, तर ती वेळमर्यादा. मजकूर आधी वहीत किंवा नोटपॅडवर लिहून मग झरझर चिकटवावा. कधीही, कुठेही होत असेल, तर नेटवर्क, दुसरा मोबाइल किंवा पोर्टलचंच दुखणं. पोर्टलमागे अनेकदा पाचदहा सर्व्हर असतात. आपली ओळख पहिल्याच्याच डोक्यात राहिली आणि पुढची टिचकी तिसऱ्याकडे गेली, तर तो विचारणारच, “आपण कोण?” याला काकांकडे इलाज नाही. त्यांनी डायरीची पानं मदतकेंद्राला पाठवली. उत्तर तत्परतेनं आलं: कृपया कॅश साफ करा.

वेळमर्यादा कुणाच्या लहरीवर नसते, एवढं मान्य. वेबसुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था जोखमीच्या कामांसाठी २ ते ५ मिनिटांची निष्क्रियता आणि साध्या कामांसाठी १५ ते ३० मिनिटांची सुचवते. पण वेबच्या सुगम्यतेचे निकषही २००८ पासून सांगत आले आहेत, की वेळ संपण्याआधी माणसाला सावध करा, एका साध्या टिचकीनं मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्या आणि अशी वाढ निदान १० वेळा मिळू द्या. पहिला कागद सर्वांनी वाचलेला दिसतो.

गव्हर्नर-जनरल डलहौसीची आठवण होते ती इथं. झांशीचे राजे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला गेले, आदल्या दिवशी घेतलेलं दत्तक अमान्य ठरलं आणि १८५४ मध्ये झांशी खालसा झाली. धडधडीत अन्याय, पण त्याला आदेश होता, त्यावर सही होती. राणी लक्ष्मीबाईंना अर्ज करता आले, जॉन लँगसारख्या वकिलाला बोलावून घेता आलं. काकांचा फॉर्म खालसा करणाऱ्याचं नावही कुठं नाही.

आता ओरछा गेटाबद्दल. इंग्रजांच्या नोंदींत झांशीवरच्या ३ एप्रिल १८५८ च्या हल्ल्यात तटाला लावलेल्या शिड्या आहेत आणि तोफांनी पाडलेलं खिंडार आहे. झांशीतली लोककथा मात्र सांगते, की राणीच्याच पदरच्या दुल्हाजूनं ओरछा दरवाजा आतून उघडून दिला. खरंखोटं इतिहासकारांनी बघावं. दुल्हाजू पंधरा मिनिटं निष्क्रिय मात्र नक्की नसणार. असली कामं चपळाईनं होतात, आणि चपळ माणसाला पोर्टल कधी बाहेर काढत नाही. आजचे दरवाजेही बहुतेक आतूनच उघडतात, फोनवर ओटीपी सांगून.

तसा फोन काकांनाही आला. आवाज गोड. “सर, आपका फॉर्म बार-बार अटक रहा है न? बस, एक ओटीपी बता दीजिए.” काकांचा चष्मा सापडेना. तो माणूस थांबला. काकू तांदळाच्या डब्यामागे चष्मा शोधत होत्या, तोवर त्यानं काकांच्या गुडघ्यांची चौकशी केली. एवढा वेळ काकांना कुठल्याही यंत्रणेनं आजवर दिला नव्हता.

चष्मा लावून काकांनी मोबाइलवरचा आकडा पाहिला. शेजारच्या स्टेशनाशी गाड्यांची देवघेव करताना खात्रीसाठी मास्तर एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात. समोरचा कोण ते कळल्याशिवाय तो कुणी देत नाही.

“आधी तुमचं स्टेशन कुठलं ते सांगा,” काका म्हणाले, “आणि तुमचा प्रायव्हेट नंबर.”

तो म्हणाला, “सर, मैं होल्ड करता हूँ.”