घरचं नेटवर्क: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साहित्य: एक राउटर, दोन कॉम्प्युटर, एक भाचा. भाचा नसल्यास शेजाऱ्यांचा मुलगा चालेल, पण त्याला चहाबरोबर पोहेही द्यावे लागतात.

राउटर घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. तो दिसायला बरा नाही म्हणून टीव्हीमागे दडवण्याची पद्धत आहे; ती सोडा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून बऱ्यापैकी आरपार जातो, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण दुसऱ्या भिंतीपाशीच धापा टाकतो. आता ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. (काहींना १९२.१६८.०.१ लागतं. खरा आकडा बहुधा राउटरच्या बुडाशी चिकटवलेला असतो, तेव्हा धूळ पुसण्याचा योग आलाच.) पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ असेल तर आत्ताच बदला.

इथवर पोरखेळ. आता विंडोजमधला एखादा फोल्डर घरात शेअर करायचा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. कॉम्प्युटर विचारतो, कोणाला? एकत्र कुटुंबात हा प्रश्न इतक्या उघडपणे सहसा कोणी विचारत नाही.

शेजारीच ‘सिक्युरिटी’ नावाचा दुसरा टॅब आहे, आणि तिथेही परवानग्याच आहेत. घाबरू नका. शेअरिंगची परवानगी म्हणजे सोसायटीचा वॉचमन, सिक्युरिटीची म्हणजे फ्लॅटचं कुलूप. वॉचमनने सलाम ठोकून आत सोडलं म्हणून कुलूप उघडत नाही. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी कडक, ती लागू. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’ आणि सिक्युरिटीत नुसतं ‘रीड’ दिलंत, तर काकांना फोटो दिसतील, फोटोंची नावं बदलता येणार नाहीत, आणि ते तुम्हाला फोन करतील. त्याच कॉम्प्युटरसमोर बसलेल्याला मात्र वॉचमन भेटतच नाही. त्याच्याशी फक्त कुलपाचा संबंध.

‘डिनाय’च्या चौकोनापासून लांब राहा. एकाच जागी होकार आणि नकार दोन्ही दिले, तर नकार जिंकतो. दहावीतल्या चिरंजीवांना अडवायला ‘एव्हरीवन’पुढे डिनायची खूण केलीत, तर त्या ‘एव्हरीवन’मध्ये तुम्हीही आलात. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव यादीत घालूच नका. भांडणही होत नाही.

आणि ‘चेंज’ची परवानगी वाटण्याआधी एक करा. विंडोजमध्ये नेटवर्कवरून खोडलेली फाइल साधारणपणे रीसायकल बिनमध्ये थांबत नाही, थेट जाते. तेव्हा लग्नाच्या फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. वेगळ्या डिस्कवर, त्याच डिस्कवरच्या ‘नवीन फोल्डर (२)’मध्ये नव्हे.