प्रेशर नाहीये!

"प्रेशर नाहीये."

काकांनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. मशीन पार आतल्या बाल्कनीत, काका दारात, मध्ये आमचा अख्खा हॉल आणि वाळत घातलेले पापड. तरी निदान झालं होतं. मी त्यांना बोलावलंही नव्हतं. लिफ्टमध्ये शेजारणीला एवढंच म्हणाले होते की वॉशिंग मशीन नुसतं घूं घूं करतंय, पाणी घेत नाही. माझा चहा निवायच्या आत तीनशे दोनमधून काका वर हजर.

हे काका तुम्हाला ठाऊक आहेत. तुमच्याकडे मजला वेगळा असेल, पण अर्धी चड्डी तीच, बनियनवर चढवलेला उघड्या बटणांचा शर्ट तोच आणि खिशातून डोकावणारी पकडही तीच. आमच्या काकांचं वेगळेपण इतकंच, की त्यांच्या पुस्तकात रोग एकच आहे.

काका पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं टेस्टिंगला होते. पंप जोडायचा, चालू करायचा, गेजचा काटा बघायचा, पास की नापास ते लिहायचं. चौतीस वर्षं काटा बघितलेल्या माणसाला पुढे सगळीकडे काटाच दिसत असावा. शेगडी मंद जळते? प्रेशर नाही. गणपतीची वर्गणी जमत नाही? कमिटीचं प्रेशर नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं लग्न जमेना, तर भर जिन्यात त्याच्या आईला, "वहिनी, तुमचं प्रेशर कमी पडतंय." माझा लेक गणितात आपटला तेव्हा मात्र म्हणाले, "जास्त झालं." काटा लाल पट्ट्यात गेल्याची मला आठवणारी ही एकच नोंद. मागच्या वार्षिक सभेत माझ्या नवऱ्याने कागदावर रेघा मारत मोजलं. सतरा वेळा. त्यातल्या पाच आभारप्रदर्शनात.

"टाकीचा तळ आणि तुझा नळ, उंची किती?" काका मशीनमागे वाकत म्हणाले.

"मला काय माहीत?"

"तीन मीटर धर. दहा मीटरला एक किलो. म्हणजे तुला पॉइंट तीन. तळमजल्यावाल्यांना दीड किलो, काही न करता! तू चौथ्या मजल्यावर, टाकीच्या पायाशी, म्हणून उपाशी."

"मग मी काय करू, तळमजल्यावर राहायला जाऊ?"

"खालचा एक फ्लॅट विकायला निघालाय," काका गंभीरपणे म्हणाले.

हिशोब चुकीचा नव्हता, हे कबूल करते. बऱ्याच मशीनना निदान तेवढं पॉइंट तीन लागतंच, म्हणजे आम्ही काठावर पास. पण याच नळावर मशीन सहा वर्षं बिनतक्रार चाललं होतं, त्याचं काय? विचारलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. "तेव्हा होतं," म्हणाले.

खरं तर मी कंपनीला फोन केला होता. तिकडच्या मुलीने मशीन बंद करून चालू करायला सांगितलं, मग पुन्हा बंद करून चालू करायला सांगितलं, आणि माणूस चार दिवसांनी येईल, त्याचे नुसते येण्याचे पैसे वेगळे, असं गोड आवाजात कळवलं. घरात तोवर चार जणांचे कपडे तुंबले होते. त्यामुळे मी काकांना सहन केलं असं म्हणा.

आधी त्यांनी मशीन लावून कान टेकवला. "कॉइल बोलतंय. म्हणजे व्हॉल्वपर्यंत करंट येतोय. मुकं असतं तर खर्च होता." मग दार उघडून पुन्हा खटकन बंद केलं, कारण दाराचं लॉक बसलं नाही तर मशीन पाण्याला हात लावत नाही, चारशे तीनमध्ये एकदा रबरात मोजा अडकून तीन दिवस गेले होते. मग पाणी सोडायचा पाइप नीट वर टांगलाय ना ते बघितलं. दोनशे एकमध्ये तो थेट मोरीत आडवा सोडला होता. इकडून पाणी येत होतं, तिकडून निघून जात होतं आणि बिचारं मशीन भरतच नव्हतं. काकांनी पाइप उचलून वर अडकवला आणि निदान केलं, "उलटं प्रेशर."

आता मुख्य परीक्षा. प्लग काढला, नळ बंद केला, मशीनच्या मागचा नळाकडून येणारा पाइप सोडवला, त्याचं तोंड दहा लिटरच्या बादलीत धरलं. "सोड नळ!" मनगटावरच्या घड्याळाकडे बघत काका उभे राहिले. बादली पन्नास सेकंदांत भरली. पाणी धो धो. काकांचा चेहरा उतरला.

"प्रेशर आहे," ते म्हणाले. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसे.

मला हसू आवरेना. पण काका खाली बसले, मशीनच्या मागच्या तोंडात पकड घातली आणि अलगद ओढून अंगठ्याच्या टोकाएवढी प्लॅस्टिकची जाळी बाहेर काढली. जाळी कसली, बुचच झालं होतं. वर क्षाराचा पांढरा थर, त्यात वाळूचे कण आणि टेफ्लॉन टेपचा एक दोरा. आदल्या आठवड्यात गच्चीवरची टाकी धुतली होती, तो सगळा प्रसाद आमच्याकडे. काकांनी जाळी उजेडात धरली. चेहरा पुन्हा फुलला.

"बघ! जाळीच्या अलीकडे प्रेशर आहे, पलीकडे नाही. मी दारातून काय म्हणालो?"

जुना टूथब्रश आणि वाटीभर व्हिनेगर, अर्ध्या तासात काम झालं. पैशांचं विचारायची सोय नाही. म्हणून संध्याकाळी वाटीभर शिरा घेऊन खाली गेले. काकू गेल्यापासून मी तीनशे दोनमध्ये फारशी गेलेच नव्हते. त्यांचं मशीन बाल्कनीतच होतं. फुलाफुलांचं कव्हर, वर वर्तमानपत्रांची चळत. शेजारी बादलीत दोन शर्ट भिजलेले.

"तुमचं बिघडलंय का?"

"छे. दोन शर्टांना कशाला मशीन? ती लावायची."

मध्यंतरी ते मुलाकडे बंगळुरूला कायमचे म्हणून गेले होते. महिन्याभरात परत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "अगं, उंच टॉवर. पंप लावलेत. खालच्या मजल्यांवर तर प्रेशर कमी करायला व्हॉल्व बसवलेत, विश्वास बसेल? कुठल्याच नळाला काही होत नाही." मग जरा थांबून, "आणि कुणी दार वाजवत नाही."

सभेत आता आम्ही रेघा मारत नाही. म्हणजे मारतो, पण काकांना दिसणार नाहीत अशा.

तेव्हा, तुमचं मशीन पाणी घेत नसेल तर नळ पूर्ण सोडलाय का बघा, पाइप कुठे मुरगळलाय का बघा, मग नळ बंद करून, प्लग काढून जाळी साफ करा. यातलं काही करायचं नसेल तर सरळ तीनशे दोनची बेल वाजवा. दुपारी दोन ते चार सोडून. तेव्हा काका झोपतात.