दोन इंचांची उन्नती

अमेरिकेतल्या पिकअप गाड्या कारखान्यातून बाहेर पडतात त्या थोड्या वाकूनच. नाक शेपटापेक्षा दोनेक इंच खाली. पंगतीत वाढायला वाकलेल्या माणसाची असते तशी त्यांची उभं राहण्याची रीत. हा दोष नव्हे. हौद्यात माल पडला की मागचे पाटे दबतात, शेपूट खाली येतं आणि गाडी समतल होते. म्हणून रिकामी असताना ती मुद्दाम मागून उंच ठेवलेली असते. फोर्डची एफ मालिका 1977 पासून तिथली सर्वाधिक खपाची पिकअप आहे. म्हणजे एवढा मोठा देश इतकी वर्षं हे वाकणं रोज बघतो आणि कामाला लागतो. डेन्व्हरजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याला मात्र ते बघवत नव्हतं.

"मामा, युटात मोॲबला जायच्या आधी हिला सरळ करायचीय," आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी तो म्हणाला.

"रिकामी आहे म्हणून तशी दिसते रे," ही म्हणाली. ही निफाडची. लासलगावच्या बाजारात कांदा उतरवून शेपूट वर करून घरी परतणाऱ्या पिकअप बघतच ती मोठी झाली. त्या गाड्यांची कुणाला लाज वाटल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. पण कांदा न वाहणाऱ्या माणसाला हे पटवणं अवघड असतं.

दुकानात गेल्यावर कळलं, की या क्षेत्रात तीन संप्रदाय आहेत. पहिला लेव्हलिंग किटवाल्यांचा: पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावर धातूची जाड चकती बसवायची आणि नाक शेपटाच्या पातळीला आणायचं. दुसरा बॉडी लिफ्टवाल्यांचा: चॅसी आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे घालून नुसता सांगाडाच उचलायचा, चॅसी आहे तिथंच राहते, पण मोठ्या टायरला जागा होते आणि रुबाबही वाढतो. तिसरा सस्पेन्शन लिफ्टचा, म्हणजे थेट संन्यास: चार किंवा सहा इंच वर जायचं, त्यासाठी पुढच्या चाकांची स्टिअरिंग नकल बदलायची, डिफरन्शियल खाली घ्यायचं, नवे ब्रॅकेट लावायचे आणि घरातली शिल्लक हजारांच्या हिशेबात मोकळी करायची.

दुकानदार मोठा प्रेमळ. त्यानं एक चकती माझ्या हातावर ठेवली. ती इंचभर जाड होती, पण तिनं गाडी जवळपास दोन इंच वर जाते म्हणाला. स्ट्रट खालच्या आर्मला चाकापाशी न धरता अलीकडे, साधारण मध्यावर धरतो. त्यामुळे तिथं दिलेला एक इंच चाकापर्यंत पोचेतो दुप्पट होतो. व्याजाचा हा दर आमच्या पतपेढीनं कधी दिला नव्हता.

भाच्याच्या मनात संन्यास होता. सहा इंच लिफ्ट आणि वर 35 इंची टायर. तेव्हा भाचेसुनेनं पर्समधून टेप काढला. तिनं दुकानदाराशी वाद घातला नाही. फक्त गाडीची उंची मोजली आणि साडेसहा फुटांचा आकडा मोठ्यानं वाचला. आमच्या गॅरेजचं दार सात फुटी आहे, सहा इंच लिफ्टमध्येच ते संपतं, टायर अजून मोजलेलेच नाहीत, असं तिनं शांतपणे सांगितलं. "मग गाडी रस्त्यावर झोपेल," ती म्हणाली, "आणि ती एकटी झोपायला घाबरेल, म्हणून तूही." संन्यास तिथंच मागे घेण्यात आला. लेव्हलिंग किट आणि 33 इंची टायर यांवर तह झाला. आधीचे टायर 32 इंची होते. एका इंचानं मोठा टायर गाडीला अर्धाच इंच उचलतो, कारण उरलेला अर्धा इंच आसाच्या वरच्या बाजूला जातो, हा हिशेब भाच्यानं मला घरी येईपर्यंत सांगितला. इंजिनिअर माणूस दुःखही अपूर्णांकात करतो.

गाडी सरळ झाली. खरोखर देखणी दिसत होती. मग तिच्याबरोबर राहणं सुरू झालं.

पहिली अडचण चढण्याची. हिचा साडीचा निर्धार अमेरिकेतही अबाधित होता. दाराशेजारचा कठडा धरून एक पाय वर टाकला की दुसरा पाय आणि निऱ्या यांच्यात मतभेद होत. भाचेसुनेनं देवघरातला पाट आणून खाली ठेवला. ही त्यावर उभी राहून गाडीत बसे, मी तो पाट उचलून आत देई. प्रत्येक थांब्यावर हा विधी उलट्या क्रमानं. पेट्रोल पंपावरचे लोक थांबून बघत आणि हसून हात हलवत.

दुसरी अडचण रात्रीची. नाक वर गेलं तसा हेडलाइटचा रोखही वर गेला. समोरून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला डिपर मारू लागली. "बघा मामा, लोक दाद देतायत," भाचा म्हणाला. "शिव्या देतायत," मागून आवाज आला. शेवटी घरासमोर भिंतीवर उजेड पाडून, स्क्रू पिळून, दिव्यांची मान खाली केली. चाकांची अलाइनमेंट तर किट बसवल्याबरोबर करून घ्यावीच लागते, नाहीतर नवे टायर एका बाजूनं झिजतात. राहता राहिला स्पीडोमीटर. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, काट्याला मात्र जुनंच चाक ठाऊक. तो 60 म्हणायचा तेव्हा आम्ही जवळजवळ 62 नं जात असू. एरवी घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेवणारा भाचा आता मनातल्या मनात तीन टक्के मिळवत गाडी चालवू लागला.

मग मोॲबचा दिवस उजाडला आणि माल भरायला घेतला. तंबू, बर्फाचा मोठा कूलर, घडीच्या खुर्च्या, शेगडी, गॅस, वाळवंट म्हणून पाण्याचे कॅन, मराठी माणूस म्हणून तांदूळ, कुकर आणि भाजणीचा डबा. पुरुषांनी नेमस्तपणे एकेक बॅग आणली आणि हिनं "जागा आहे ना?" एवढंच विचारलं. हौदा असण्याचं दुर्दैव हे, की जागा असते.

आय-70 महामार्ग डेन्व्हर सोडल्या सोडल्या डोंगर चढू लागतो. आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या की साधारण तिथं पोचतो. बोगद्यात चौदा फुटांना इंचभर कमी एवढ्या उंचीची वाहनं जातात, तरी आत शिरताना हिनं मान खाली घातली. पलीकडच्या उतारावर भाचा गप्प झाला. स्टिअरिंग हलकं लागतंय म्हणाला. एका पंपावर थांबून आम्ही लांबून गाडी पाहिली. शेपूट बसलं होतं आणि नाक रॉकी पर्वताच्याही वर बघत होतं.

"नॉर्थ कॅरोलिनात याला बंदी आहे," भाचा हळूच म्हणाला. तिथं नाक हौसेनं उंच करून शेपूट खाली टेकवण्याची टूम निघाली होती. पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच होईल असा बदल करायला तिथल्या कायद्यानं डिसेंबर 2021 पासून मनाई आहे. आम्ही नॉर्थ कॅरोलिनापासून हजाराहून अधिक मैल दूर होतो, आणि आमची टूम कुकरची होती, तरी त्यानं टेप काढून दोन्ही मडगार्डं मोजली. आकडा त्यानं कुणाला सांगितला नाही.

ग्लेनवूडची घळ, ग्रँड जंक्शन, मग युटाची तांबडी माती. कॅन्यनलँड्समधली शेफर वाट कड्याच्या अंगावरून वळणं घेत खाली उतरते. आधी ती गुरांची वाट होती. 1950 च्या दशकात युरेनियमचं खनिज वाहणाऱ्या ट्रकांसाठी ती रुंद झाली. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला हवा. उंच गाडीतून दरी जास्त दिसते, हा लेव्हलिंग किटचा एक गुण कुठल्याही जाहिरातीत नसतो. हिनं पूर्ण उतार पाट छातीशी धरून केला.

तळाशी एका कोरड्या ओढ्यात गाडी घातली. पुढचा बंपर खडकावरून अलगद सुटला. भाचा "बघितलंत!" म्हणतो तोच मागून करकर आवाज आला. नाक वाचलं, शेपूट घासलं: ट्रेलर जोडायचा हुक खडकानं खरवडला होता. आम्ही दोघं गाडीखाली वाकलो. तिथं मला या उन्नतीचं मर्म दिसलं. मागच्या आसावरचा डिफरन्शियलचा गोळा हा गाडीच्या सगळ्यात सखल भागांपैकी एक, आणि तो चाकांच्या आसालाच जखडलेला. किटनं तो केसभरही वर जात नाही. जायचा तो मोठ्या टायरनं, म्हणजे तोच अर्धा इंच. मागून कारखान्यातून आली तशीच एक जीप आली. चालवणाऱ्या आजीबाईंनी खिडकीतून विचारलं, "मागं फार भरलंयत का?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेल्या.

डेन्व्हरला परतल्यावर दुकानदारानं पुन्हा प्रेमानं स्वागत केलं. उपाय सोपा म्हणाला: मागच्या पाट्यांजवळ हवेच्या रबरी पिशव्या बसवायच्या. माल भरला की हवा भरून शेपूट वर उचलायचं, रिकामी झाली की हवा सोडायची.

"म्हणजे पुढं पैसे देऊन नाक उचललं," भाचेसून म्हणाली, "आता मागं पैसे देऊन शेपूट उचलायचं."

"आधी कंपनीनं तेच फुकट दिलं होतं," ही म्हणाली.

पिशव्या बसल्या. गॅरेजात छोटा कॉम्प्रेसर आला. त्या पिशव्यांत थोडी हवा कायम ठेवावीच लागते, नाहीतर रबर चिमटून फाटतं, म्हणून भाचा दर रविवारी दाब तपासतो. परवा फोनवर सांगत होता, की शेजाऱ्याला सोफा हलवायला गाडी हवी आहे.

"मग दे की," मी म्हटलं.

"देणार ना मामा. पण हवा किती भरायची ते कळायला हवं. सोफ्याचं वजन विचारलंय त्याला. तो काटा शोधतोय."