साहेबाच्या बाजूची भिंत

ज्या घरात संखेड्याचा झोपाळा आहे, त्या घरात लाकूड जुनं करायचा छंद लागलेला माणूस जरा संशयानेच पाहिला जातो. आजीच्या काळापासून त्या झोपाळ्याचा लाखेचा केशरी-सोनेरी झगमगाट टिकून आहे, आणि त्याच्यासमोर बसून मी एक कोरंकरकरीत लाकडी मालगोदाम मन लावून मळवत असतो. गोदाम तळहातावर मावेल एवढं. उभं राहणार माझ्या टेबलावरच्या डभोई–मियागाम लाइनीच्या मॉडेलवर.

लाइन आपलीच घेतली. बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या राज्यात 1862 मध्ये धावू लागलेली, देशातली पहिली नॅरोगेज. रुळांत अडीच फुटांचं अंतर आणि गाडी ओढायला बैल. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात अडीच फूट म्हणजे जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर. तयार मिळतात ते रूळ नऊचे. पाव मिलिमीटर महाराजांनी पोटात घालावा.

गोदामाच्या फळ्या म्हणजे आईस्क्रीमच्या काड्या. तारेच्या ब्रशने लांबीच्या दिशेने ओरबाडल्या की त्यांना रेषा येतात. मग कोऱ्या चहाचा हात. तो वाळला की सिरक्यात विरघळवलेलं लोखंड. चहातलं टॅनिन आणि हे लोखंड एकत्र आलं की पांढरी काडी बघता बघता राखाडी होते, जणू तिने कित्येक पावसाळे उघड्यावर काढलेत. यासाठी साधं स्टील वूल लागतं. भांड्यांची स्टेनलेस घासणी सिरक्यात ढिम्म राहते. माझी ती बरणी लोणच्यांच्या फळीवर असते. "यातलं कुणाच्या पानात वाढायचं नाहीये ना?" एवढंच बायको अधूनमधून विचारते.

दिवाळीआधी घराला रंग द्यायला आलेल्या रंगाऱ्याने घोड्यावरून उतरून गोदाम निरखलं आणि तो हळहळला, "काका, आ तो बगडी गयुं. कहो तो एक हाथ मारी आपुं?" मी नको म्हणालो. माणूस पैसे न मागता बोलला होता, म्हणून वाईट वाटलं.

खरी पंचाईत पुढेच होती. मळ कुठला? घाणीलाही इतिहास असतो. बैलांच्या काळातलं गोदाम म्हटलं, तर काजळी कुठून येणार? तिथे कडबा, धूळ आणि फळ्यांच्या खालच्या अंगाला शेणाचे शिंतोडे. जाड रूळ पडले 1873 मध्ये. आधीचे इंजिन पेलणारे नव्हते. म्हणजे वळचणीखाली काळा खडू चोळण्याआधी सन ठरवायला हवा. मी इंजिनाचा काळ घेतला. एवढ्याशा बैलाचं शेण प्रमाणात ठेवणं माझ्या नजरेला झेपणारं नव्हतं.

पावसाची बाजू काळवंडलेली, उन्हाची बाजू विटलेली, दाराच्या कडीपाशी हातांचा चिकट काळपटपणा, असं सगळं शास्त्रशुद्ध करून मी ते नानाकाकांपुढे ठेवलं. नाना रेल्वेतून निवृत्त. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते उलटंसुलटं केलं.

"हे कुठलं स्टेशन?"

"आपल्या डभोई लाइनीवरचं, नाना."

"आमच्या रेल्वेत असलं उघडं लाकूड मी जन्मात पाहिलं नाही. रंग कुठाय?"

"उडालाय. जुनं आहे ना."

"अरे बाबा, उडायला वेळ मिळतो का त्याला? दरवर्षी इन्स्पेक्शन!"

आणि मला ते पटलं. परदेशी हौशी लोक दाखवतात ते राखाडी, फाटलेलं लाकूड त्यांच्याकडच्या ओसाड स्टेशनांवर शोभतं. आपल्याकडे लाकूड म्हातारं होतं ते रंगाखाली. जुना रंग खरवडायचा नाही, धूळही झटकायची नाही. वरून आणखी एक थर. बिजागरी रंगलेली, कुलूप रंगलेलं, एखादी पाल जागची हलली नाही तर तीही. मग मी पुन्हा बसलो. आधी एक हिरवा, पाण्याच्या हातावर मिठाचे बारीक खडे, त्यावर पिवळा. वाळल्यावर बोटाने मीठ चोळून काढलं की पिवळ्यातून हिरवा डोकावतो. फाटकाजवळच्या दगडांना चुना आणि गेरू. पानाची पिचकारी कोपऱ्यात, कंबरेच्या उंचीच्या आत. तिला काताचाच रंग वापरला.

नाना पुन्हा आले. "चारही बाजू रंगवल्यास?"

"हो."

"कुणी सांगितलं? साहेबाचा सलून-डबा जातो तेवढीच बाजू रंगवायची. बाकीचं पुढल्या वर्षीच्या बजेटात."

त्यामुळे आता रुळाकडची भिंत झळझळीत पिवळी आहे. बाकीच्या तिन्ही भिंतींवर मात्र पुन्हा चहा, लोखंड, खडू, पाऊस, ऊन, माझी सगळी विद्या. ती बघायची तर टेबल आणि घराची भिंत यांच्यामधल्या फटीत शिरावं लागतं. बारीक पाहुण्यांना मी तिथे घेऊन जातो. नाना समोरच उभे राहतात आणि गेरू कुठे विटलाय का ते बघतात.