बायकोसोबत बँकॉक? बापा बापा!

"ऐकलं काय वो वहिनी? ते दोघं बँकॉकले चालले म्हणते!"

"दोघंच?"

"दोघंच! पोरगं आजीपाशी ठेवून. अन् पाठीवर पिशव्या बांधून!"

"बापा बापा!"

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात बातमी पसरायला एवढं पुरतं. दारूगोळ्याच्या कारखान्याभोवती साठच्या दशकात वसलेली ही वसाहत. फाटकाच्या आत काय बनतं, याबद्दल इथला माणूस घरातही चकार शब्द काढत नाही. फाटकाबाहेर मात्र कोणत्या क्वार्टरमध्ये कोणाची बॅग भरली जातेय, हे शेजाऱ्यांना आधी कळतं आणि बॅग भरणाऱ्याला मागाहून.

तर आरोपपत्र असं.

आरोप पहिला: पाठीवर पिशवी. चांगली चाकांची सुटकेस लग्नात मिळालेली असताना हमालासारखं ओझं घेऊन फिरायचं? त्यातही विमानात सोबत सात किलोच चालतं म्हणून सगळा संसार सात किलोत बसवायचा! पापडाचा डबा नाही, लोणचं नाही, चिवड्याची फक्त एक पुडी. उपाशी मरतील ना बिचारे! हे बोलणाऱ्या काकूंचे यजमान दर नागपंचमीला पचमढीच्या नागद्वारला जात. तेही पाठीवर बोचकं बांधून, पावसात, डोंगर चढत. पण ती यात्रा. हे बॅकपॅकिंग. फरक आहे बाई!

आरोप दुसरा: टूर कंपनीशिवाय. पुढे झेंडा धरून चालणारा माणूस नाही, "मंडळी, सात वाजता लॉबीत" म्हणून हाकारणारं कोणी नाही. हरवले म्हणजे? आणि राहायचं कुठे, तर हॉस्टेलात! लग्न झालेली माणसं हॉस्टेलात! तिथं नवराबायकोला वेगळी खोलीही मिळते, हे सांगून उपयोग नाही. बाथरूम सामायिक आहे, एवढं कळल्यावर पुढचं कोणी ऐकत नाही.

आरोप तिसरा: स्वतःच्या पैशानं. एलटीसी, म्हणजे सरकारी नोकरांची प्रवास-सवलत, देशाबाहेर चालत नाही, हे इथं लहान पोरालाही पाठ. सरकारी खर्चानं अंदमान बघता येत असताना पदरचे पैसे घालून, वर ऑफिसातून परदेशवारीची परवानगी मागून जायचं, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे काय? फिरायचंच होतं तर अंभोऱ्याचा पूल काय वाईट होता? वैनगंगा दिसते, फोटो निघतात, संध्याकाळी घरी परत.

ही बॅकपॅकिंगची साथ आली कुठून? दोष द्यायचाच तर व्हीलर नावाच्या जोडप्याला द्यावा. टोनी आणि मॉरीन १९७२ साली लंडनहून निघून आशियातून रखडत ऑस्ट्रेलियात पोचले, तेव्हा खिशात २७ सेंट उरले होते म्हणतात. त्यांनी १९७३ मध्ये त्या प्रवासावर पुस्तक काढलं, १९७५ मध्ये आग्नेय आशिया स्वस्तात कसा फिरावा याचं दुसरं, आणि त्यातून 'लोनली प्लॅनेट' उभं राहिलं. आपल्याकडचे आरोपी तर त्याहून जुने. पु. ल. देशपांडे सुनीताबाईंसह पूर्वेकडे हिंडून आले आणि वर 'पूर्वरंग' लिहून मोकळे झाले. मागाहून कोचीचं विजयन आणि मोहना हे जोडपंही चहाच्या टपरीच्या कमाईवर वीसहून जास्त देश पाहून आलं. त्यात थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला आणि जुलै २०२४ मध्ये मुक्कामाची मुदत ३० दिवसांवरून ६० वर नेली. कोलकात्याहून बँकॉक जेमतेम अडीच तास. भंडाऱ्याहून पुण्याला ट्रॅव्हल्सनं जाणाऱ्यानं हा हिशोब न केलेलाच बरा.

आता तिथे हे दोघं करतात काय? खाओ सान रस्त्यावर फिरतात. हा रस्ता एकेकाळी तांदळाच्या व्यापाराचा. धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाला तो माहेरासारखा वाटायला हवा. आज तिथं दुकानादुकानात गोंगाट, फुटपाथवर पायाची मालिश आणि गाडीवर तळलेले विंचू. फोटो आला तेव्हा सावजीचा रस्सा घाम पुसत ओरपणारे एक काका म्हणाले, "हे काय माणसाचं खाणं आहे?" आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात एकाच ताटलीत पाहून तर बायकांनी डोळेच मिटले. आमरसाचा असा अपमान!

राजवाड्याबाहेर एक गोड बोलणारा माणूस भेटतो. "आज राजवाडा बंद आहे, चला, दुसरं देऊळ दाखवतो" म्हणतो आणि टुकटुकमध्ये बसवून थेट रत्नांच्या दुकानात नेतो. जगभरचे प्रवासी तिथे फसलेत. पण ठाणा पेट्रोलपंपाच्या बाजारात भाजीला घासाघीस करून वर फुकट कोथिंबीर घेणाऱ्या बाईला तो काय फसवणार? ती सरळ फाटकापर्यंत चालत जाते. फाटक उघडंच असतं.

वाट फोच्या विहारात ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध बघितल्याचा फोटो आला, तेव्हा मात्र चर्चेत जराशी अडचण झाली. दरवर्षी दीक्षाभूमीला जाणारी घरं इथं ओळीओळीत आहेत. एक आजी म्हणाल्या, "पोरीनं बुद्धाचं दर्शन घेतलं, तुमचं काय बिघडलं?" चर्चा तेवढ्यापुरती थांबली. मग कोणीतरी विचारलं, "पण दर्शनाले हाफपँट घालून गेली काय?" नव्हती गेली. तिथे गुडघे झाकावेच लागतात. निराशा झाली.

आता खरं बोलू. बँकॉक आपल्या मुलखाला नवं नाही. सिमेंट, टाइल्स, खतं, कीटकनाशकं यांचे विक्रेते कंपनीच्या स्कीमवर वर्षानुवर्षं बँकॉक-पटाया करून आलेत. टोळीनं गेले, बायकांना घरी ठेवून गेले, परत येताना टायगर बामच्या बाटल्या आणि चॉकलेटं आणली, आणि तिथं काय पाहिलं असं विचारलं की हवामानाबद्दल बोलले. तेव्हा कोणत्याही ओट्यावर चर्चा झाली नाही. 'धंद्याचं काम' म्हणून सगळे गप्प.

आज कोणी बायकोला घेऊन उजळ माथ्यानं जातो, दोघं मिळून नकाशा वाचतात, नावेनं हिंडतात, पैशांचा हिशोब एकाच वहीत ठेवतात आणि सगळे फोटो सासूला पाठवतात, तर ती मात्र थेरं! बदनामी बँकॉकची नव्हतीच, ती बायकांना घरी ठेवून जाणाऱ्यांनी करून ठेवली होती.

तेव्हा काकू, नाक मुरडून झालं असेल तर एक काम करा. काकांचा पासपोर्ट कपाटात आहेच. तुमचाही काढून घ्या. मग पुढच्या वेळी चर्चा तुमची होऊ द्या.