पिक्चरमधल्या नुकसानीचा पंचनामा

मला सिनेमातलं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कळवणात मला ओळखतात ते कांदा-मका करणारा माणूस म्हणून, आणि तेही भाव पडल्यावर, विचारपूस करण्यापुरतं. पिक्चर मी शोधत जात नाही, समोर आला तर बघतो. अशा माणसाने मत देऊ नये, असं माझ्या पुतण्याचं मत आहे. तो पिक्चर डाउनलोड करून, दिवे घालवून, कानात बोंडं घालून बघतो. माझं म्हणणं असं की लोकप्रिय पिक्चर लोकांसाठी असतो आणि लोक म्हणजे आम्हीच. आम्हाला कळायचं नसतं, आवडायचं असतं.

शिवाय या धंद्याबद्दल बोलायचा नाशिक जिल्ह्याला पहिला हक्क आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखवला आणि मग कंपनीच नाशिकला आणली. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या साळुंके नावाच्या माणसाला लुगडं नेसवलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, माणसाने असंच भागवून न्यावं. तक्रार शेवटाबद्दल आहे. हरिश्चंद्राचं राज्य गेलं, बायको गेली, पोरगा गेला, स्मशानात नोकरी करायची वेळ आली. शेवटी देव येतो आणि सांगतो, ही परीक्षा होती. सगळं परत. शंभर टक्के भरपाई, जागच्या जागी, पंचनामा न करता. आता दोष गोष्टीचा, फाळक्यांचा नाही, हे मान्य. पण तेव्हापासून आजपर्यंत जेवढे पिक्चर मी बघितले, त्यांत नुकसान झाल्यावर तलाठी आलेला मी बघितलेला नाही.

बहुतेक पिक्चर मी प्रवासात बघतो. म्हणजे शेजारच्याच्या मोबाइलवर. कळवणहून नाशिकला वणी-दिंडोरीमार्गे जाताना एक पिक्चर जवळजवळ पूर्ण होतो, हा ‘जवळजवळ’च वाईट. नांदुरीला सप्तशृंगीच्या गडावर जाणारे उतरतात आणि हिरोचा बाप मारणारा कोण, हे त्यांच्याबरोबर उतरून जातं. दिंडोरीपर्यंत टिकलेला शेजारी नेमका शेवटच्या मारामारीला फोन खिशात घालतो. “पुढे काय होतं?” असं विचारलं तर तो आपल्याकडे पाकीट मारताना सापडलेल्या माणसासारखा बघतो. त्यामुळे माझ्या लेखी कित्येक खलनायक अजून जिवंत आहेत.

घरी बघावा तर वेगळी पंचाईत. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला, तेव्हापासून तो घरोघर पाठ आहे. माझ्या साडूला तो इतका पाठ आहे की अशोक सराफांनी तोंड उघडायच्या आत तो वाक्य बोलून मोकळा होतो आणि मग आपण हसलो की नाही, हे बघायला मान वळवतो. लक्ष्मीकांत बेर्डे त्या पिक्चरमध्ये नेमके काय बोलले, हे मला आजही साडूच्याच आवाजात माहीत आहे.

‘लगान’ आम्ही आईबरोबर बघितला. पावणेचार तासांचा पिक्चर तिने एका जागी बसून बघितला, कौतुकाची गोष्ट आहे. गावातली झाडून सारी माणसं सकाळ-संध्याकाळ बॅट-बॉलचा सराव करताना बघून ती आधी गप्प होती. मग म्हणाली, “ह्या समदा खेयतस, मंग वावरमा जातस कव्हय?” पुतण्या म्हणाला, “आजी, दुष्काळ आहे, पाऊस नाही.” आई म्हणाली, दुष्काळात काय काम नसतं? बांध कोण घालतं, विहिरीतला गाळ कोण काढतं? यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आमिर खानकडेही नसावं. मला स्वतःला त्यातली कर्जमाफी आवडली. तीन वर्षांचा सारा माफ, आणि निकष काय, तर शेवटच्या चेंडूवर सिक्सर. अंगठा नाही, आधार नाही, यादीत नाव बघायला जायचं नाही. मॅच संपल्या संपल्या पाऊसही येतो. आमच्याकडचा पाऊस इतका वक्तशीर फक्त काढलेला कांदा शेतात पडलेला असताना येतो.

‘बाहुबली’चा पहिला भाग जुलै २०१५ ला आला आणि दुसरा एप्रिल २०१७ ला. मधली पावणेदोन वर्षं कट्टप्पाने बाहुबलीला का मारलं, या काळजीत अख्खा देश होता. त्या मुदतीत नोटाबंदी येऊन गेली, तरी प्रश्न तोच. दुसऱ्या भागात उत्तर मिळालं आणि ते ऐकून सगळे गप्प झाले, कारण उत्तर घरगुती भांडणाचं होतं. मला त्यात वेगळंच खटकलं. शत्रूची फौज चालून येते म्हणून हिरो सरळ धरण फोडतो. थिएटरात शिट्ट्या पडल्या म्हणे. चणकापूर आणि पुनद धरणांच्या तालुक्यात राहणाऱ्या माणसाने त्या जागी शिटी कशी मारावी? इथे एका आवर्तनासाठी बैठका होतात, निवेदनं होतात, कालव्यावर रात्र काढावी लागते, कोणी वरच्या अंगाला दारं उचललं तर बोलणं बंद होतं. आणि हा माणूस सगळा साठा एका दमात खाली सोडतो! पुढचं रब्बीचं काय? ते राज्य देवसेनेचं, म्हणजे त्याच्या होणाऱ्या बायकोच्या माहेरचं. सासुरवाडीचं धरण फोडलेल्या जावयाला आमच्याकडे पुन्हा धोंड्याला बोलावत नाहीत.

भुताच्या पिक्चरची भीती वाटावी अशी माझी फार इच्छा आहे, पण वाटत नाही. एक बाई भल्यामोठ्या वाड्यात एकटी. रात्री दोन वाजता आवाज येतो. ती टॉर्च घेऊन, गाऊनवर, अनवाणी जिना उतरते. प्रेक्षक श्वास रोखतात. रब्बीत थ्री फेज रात्रपाळीची असली की आम्हीही दोनला टॉर्च घेऊनच उतरतो. मोटर चालू करायची, पाणी कोणत्या वाफ्यात गेलं ते बघायचं, दारं मोडायचं, आणि मक्यात बिबट्या नाही असं स्वतःला सांगत राहायचं. पार्श्वसंगीत नसतं. वाड्यात भूत असेल, पण लाइट आहे की नाही? मग ती लावत का नाही, हा माझा साधा प्रश्न आहे. ‘तुंबाड’ मात्र बरा वाटला, कारण त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत पाऊस पडतो. बाकीचे राक्षसाकडे बघत होते, मी पागोळ्यांकडे. २०१८ ला तो आला तेव्हा फार चालला नाही. २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. उन्हाळ कांदा चाळीत भरावा आणि भाव आल्यावर काढावा, तसं त्यांचं झालं. फरक एवढाच की सहा वर्षांत त्यांचा माल सडला नाही.

‘दृश्यम’ हुशार लोकांना आवडतो. गोव्याचा केबलवाला, चौथी नापास, पिक्चर बघून बघून एवढा तयार होतो की पोलिसांना पुरून उरतो. बसचं तिकीट, हॉटेलचं बिल, सगळं जपून ठेवतो. इथवर ठीक, आमच्याकडेही खताच्या पावत्या जपून ठेवतात. पण बसचा कंडक्टर त्याला ओळखतो, म्हणतो, हो, हे कुटुंब त्या दिवशी माझ्या गाडीत होतं. कंडक्टरच्या लक्षात राहायचं असेल तर भल्या सकाळी पहिल्याच थांब्यावर पाचशेची नोट काढावी लागते. अजय देवगणने ती काढल्याचं कुठे दाखवलेलं नाही. एवढी बारीक आखणी करणाऱ्या माणसाकडून ही चूक होऊ नये.

‘सूर्यवंशम’बद्दल मी काही बोलणार नाही. १९९९ पासून तो टीव्हीवर चालू आहे, संपला की बोलू.

‘सैराट’चं मात्र बोलायला हवं. २०१६ चा उन्हाळा. पिक्चर करमाळ्याकडचा, तिकडची केळी, ऊस, विहिरी बघून मला आधी हेवाच वाटला. शेवट बघून बाहेर आलेली माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. आर्चीचे स्वतःचे नातेवाईक गोडीने घरी येतात, चहा होतो आणि जातीबाहेर लग्न केलं म्हणून दोघांना संपवतात. रक्ताची पावलं उमटवत एक लहान पोर चालत जातं. नागराज मंजुळेने एवढं स्पष्ट दाखवल्यावर काही बोलायचं शिल्लक राहत नाही. पण त्या पिक्चरमधल्या ‘झिंगाट’चं आमच्याकडे काय झालं? ते हळदीचं गाणं झालं. पत्रिका जुळवून, कुळी बघून, पोटजातसुद्धा बाहेरची नको म्हणून तीन तालुके पालथे घालून ठरवलेलं लग्न. त्याच्या हळदीत मुलीचे मामा, चुलते, आतेभाऊ, म्हणजे पिक्चरमध्ये जे चहाला आले होते तेच सगळे, डोक्याला रुमाल बांधून त्याच गाण्यावर नाचतात. डीजेवाल्याला पुन्हा लावायला सांगतात. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघतो. माझी तक्रार आवाजाबद्दल आहे, असं सगळ्यांना वाटतं.

गावाकडचा पिक्चर म्हटला की तो वाईला काढायचा, असा काही कायदा आहे काय? ‘स्वदेस’मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणजे वाईजवळची मेणवली. ‘गंगाजल’मधला बिहार म्हणजे वाई. ‘दबंग’चं लालगंज वाई. ‘चेन्नई एक्सप्रेस’ दक्षिणेत जाऊन पोचते ते गावसुद्धा वाईच. एका तालुक्याने तीन राज्यांचं काम करायचं आणि आम्ही स्वतःचंसुद्धा करायचं नाही! आमच्याकडे गिरणा आहे, घाट बांधलेला नाही एवढंच. सप्तशृंगीच्या गडाला चैत्रात खान्देशातून माणसं उन्हातान्हातून पायी येतात, पण पिक्चरमधली देवी गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला प्रसन्न होते. तिला गड चढून येणाऱ्यांची गर्दी झेपणार नाही.

त्यापेक्षा मालेगावकर शहाणे. गिरणेचं पाणी आमच्याकडून खाली त्यांच्याकडे जातं. आम्ही त्यात कांदा केला, त्यांनी ‘शोले’ केला. ‘मालेगाव के शोले’मध्ये गब्बरची टोळी घोड्यांऐवजी सायकलींवर येते. पेट्रोल नाही, वैरण नाही, खर्चाचा विचार केलेला मी बघितलेला हा एकमेव डाकू. पुढे त्यांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या एका काटकुळ्या माणसाला सुपरमॅन केलं. फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट काढला आणि २०२५ ला रीमा कागतीचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला. म्हणजे हौसेने पिक्चर काढणाऱ्यांवर पैसेवाल्यांनी पिक्चर काढला. आता यावर कोणीतरी सायकलवर तिसरा काढावा, म्हणजे फिट्टंफाट.

‘इंटरस्टेलर’ पुतण्याने जबरदस्तीने दाखवला. म्हणाला, काका, शेतकऱ्याचा पिक्चर आहे. मी बसलो. धुळीची वादळं, पिकांवर रोग, गहू संपलेला, भेंडीचा हा शेवटचा हंगाम असं माणसं बोलतात. मी पुढे सरकलो. जगातली शेवटची भेंडी! पण तिला भाव काय मिळाला, हे कोणी सांगत नाही. उलट रोग पडला म्हणून ती जाळतात. मग हिरो कूपर एका ड्रोनच्या मागे उभ्या मक्यातून गाडी घालतो. पोरं शेजारी बसलेली, एक पोरगी, एक पोरगा, दोघांनाही मजा वाटते. मक्यातून गाडी घालणारा बाप शेतकरी नव्हे, हे मी तिथेच पुतण्याला सांगितलं. तेवढ्यात कूपर नासात गेला आणि तिथून अंतराळात. ‘स्वदेस’मध्ये नासाचा माणूस गावाकडे येतो, इथे गावचा माणूस नासाकडे जातो, हा रस्ता एकेरी का नाही, हे कळत नाही.

पुढे काळ-वेळाचं काहीतरी आहे, ते सोडून देऊ. एका ग्रहावरचा तास म्हणजे इथली सात वर्षं, हे पुतण्याने फार कष्टाने समजावलं. ज्याने वारसनोंद लावली आहे त्याला समजवायची गरज नव्हती. मूळ मुद्दा शेवटी आहे. शेत पोरगा सांभाळतोय. बाप गेला, बहीण शहाणी होऊन गेली, हा एकटा मका लावतोय. ती बहीण येते आणि भावाच्या उभ्या मक्याला आग लावते, का तर त्याला घराबाहेर काढून जुन्या खोलीतलं घड्याळ बघायचं असतं. तो आग विझवून काजळीने माखून परत येतो, तर ही येऊन मिठी मारते. पिक्चर बघणारे रडतात. मीही गहिवरलो, मक्यासाठी. आमच्याकडे एवढ्यावर भाऊबंदकी नातवांपर्यंत चालते आणि रक्षाबंधन पोस्टाने होतं.

पण खरा धक्का पिक्चर संपल्यावर बसला. पुतण्याने सांगितलं की तो मका खरा होता. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने कॅनडात, कॅलगरीच्या बाजूला, ५०० एकर मका लावून घेतला. त्यात गाड्या घातल्या, वादळं सोडली, काही जाळला. उरलेला विकला आणि वर नफा झाला. मी त्याला पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. पिढ्यान्पिढ्या शेती करतोय, पीक वाढवण्यावर एवढं लक्ष देतो, ते तुडवायचं असतं हे आम्हाला कोणत्याही कृषी मेळाव्यात सांगितलं नाही.

तर कोणी दिग्दर्शक हे वाचत असेल तर कळवावं. ५०० एकर एका जागी आमच्या तालुक्यात मिळणार नाही, वाटण्या होऊन होऊन पट्टे झाले आहेत. पण आमचं तीन एकर रस्त्याला लागून आहे, मागे सातमाळ्याची रांग आहे, आणि वाईपेक्षा जेवण स्वस्त पडेल. फेब्रुवारीत येऊ नये, कांदा पोसत असतो. हिरोला पळायचंच असेल तर बांधावरून पळावं, वाफ्यात पाय घालू नये. पावसाळ्यात आलात तर जाळायला चाळीतला सडका कांदा फुकट मिळेल, हवा तेवढा घ्या. फक्त तो पेटत नाही, आम्ही बघितलंय.