पाठ फिरवण्याचे शास्त्र

घासाघीस या प्राचीन कलेचे मर्म निघून जाण्यात आहे, हे ज्याने पुण्याच्या तुळशीबागेत एखाद्या जाणत्या गृहिणीच्या मागे पिशवी धरून अर्धा दिवस काढला असेल, त्याला निराळे सांगावयास नको. २०० रुपयांच्या डब्याला ८० रुपये देऊ करणे कुणालाही जमते. परंतु दुकानदाराने ‘परवडत नाही, ताई’ असे म्हणताच, या डब्याशी आपला उभ्या जन्मात कधी संबंध आलाच नव्हता अशा मुद्रेने वळून बांगड्यांच्या दुकानापर्यंत चालत जाणे, आणि मागून ‘अहो ताई, या, किती देणार बोला’ ही हाक स्पष्ट ऐकू येऊनही आणखी चार पावले टाकणे, याला साधना लागते.

मोबाईलवरील बाजारात या साधनेची पंचाईत झाली. तेथे पाठ फिरवावी तर हाक मारणारा कोणी नाही. उलट, पाहून सोडून दिलेली वस्तूच जाहिरातीच्या रूपाने आपल्या मागे लागते आणि हवामानाचा अंदाज वाचताना, रेल्वेचे वेळापत्रक पाहताना, फार काय, कुणाच्या श्रद्धांजलीच्या मजकुराखालीदेखील, तगादेदारासारखी येऊन उभी राहते. शिवाय ‘फक्त २ नग शिल्लक’ ही धमकी आणि सेकंद मोजणारे तांबडे घड्याळ असतेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध करून त्यांस मनाई केली आणि खोट्या घाईचा तीत समावेश केला. तथापि घाई खरी की खोटी याची रुजवात घालीत बसण्याइतका वेळ ते घड्याळ देत नाही.

या मायाबाजाराचा मूळ पुरुष म्हणजे छापील किंमत. वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याचे बंधन १९९० साली आले, तेव्हा सरकारचा हेतू सरळ होता: त्याहून अधिक दाम कोणी घेऊ नये. मात्र तो कमाल आकडा केवढा असावा, ही बाब, औषधांसारखे काही जिन्नस वगळता, उत्पादकाच्या कल्पनाशक्तीवर सोपवण्यात आली. आणि आपल्या देशात कल्पनाशक्तीचा तुटवडा कधीच नव्हता. म्हणून मिक्सरच्या चित्राखाली ९,९९९ हा आकडा आडवी रेघ मारून ठेवलेला असतो, त्याखाली ३,४९९ आणि शेजारी ‘६५ टक्के सूट’ हा विजयध्वज. त्या ९,९९९ रुपयांना तो मिक्सर या भूतलावर कुणी विकत घेतला आहे काय, हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे रीत नाही.

तो प्रश्न विचारणारी यंत्रे आता निघाली आहेत. अमेरिकेत अमेझॉनच्या किमतींवर पाळत ठेवणारे एक दफ्तर ‘कॅमलकॅमलकॅमल’ असे तीन उंटांचे नाव धारण करून आहे; आपल्याकडे कीपा आणि बायहटके हीच चाकरी बजावतात. वस्तूचा दुवा त्यांच्या स्वाधीन करावा, की ते तिचा मागील भावांचा आलेख काढून देतात. हव्या त्या किमतीला येताच वर्दी देण्याचेही कबूल करतात. अशा आलेखावरून मला कळले, की मजकूर मिक्सर श्रावणात ३,२९९ रुपयांना बिनबोभाट मिळत होता, उत्सवाच्या आधी दोन आठवडे तो ३,९९९ वर चढवण्यात आला, आणि ढोलताशांच्या गजरात ३,४९९ वर उतरवण्यात आला. ग्राहकाची विस्मरणशक्ती हेच ज्या व्यापाराचे भांडवल, त्याच्यासमोर कुणीतरी रोजकीर्द घेऊन बसले आहे, या विचाराने मला मनस्वी आनंद झाला.

दुर्दैवाने ही वार्ता मी आमच्या एका स्नेह्यांना सांगितली. ते ट्रेझरीतून निवृत्त झालेले. बिलावर हरकत घेण्यात हयात गेलेली. त्यांनी तत्काळ घरातील यच्चयावत गरजांची नोंद केली आणि प्रत्येकीपुढे मंजूर रक्कम लिहिली. मिक्सरला २,९९९. यथावकाश वर्दी आली: किंमत २,९९९. कोणताही सामान्य मनुष्य या टप्प्यावर मिक्सर घेतो. आमच्या स्नेह्यांनी आकडा २,७९९ केला. कारण जी किंमत इथवर उतरली ती आणखी उतरणार, असा त्यांचा सिद्धान्त.

वहिनी त्या वेळी जुना मिक्सर जळाल्यामुळे पाट्यावर चटणी वाटीत होत्या. वरवंटा थांबवून त्या म्हणाल्या, “अहो, माझं मनगट गेलं. काय म्हणते तुमची रेघ?”

“कलते आहे जराशी,” चष्मा न काढता ते म्हणाले.

या रेघेला सर्वच कळते असे नव्हे. अमुक बँकेच्या कार्डावर मिळणारी १० टक्के सवलत, जुनी वस्तू देऊन मिळणारी सूट, यांचा जमाखर्च तिच्यात सहसा धरलेला नसतो. आणि त्याच वस्तूचा विक्रेता बदलला तरी ती कारणावाचून उडी मारते. शासनाच्या मनातलेही तिला कळत नाही. आमच्या स्नेह्यांनी वातानुकूलन यंत्रासाठी गेल्या वर्षीचा अख्खा उन्हाळा ओल्या पंचावर काढला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या यंत्रावरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणजे ४०,००० रुपयांच्या यंत्रामागे ३,००० रुपयांवर वाचण्याची सोय झाली. जीएसटी परिषदेने आपल्या तजविजीला मंजुरी दिली, अशा थाटात ते आठवडाभर गल्लीत वावरले. यंत्र मात्र घेतले नाही. थंडीत आणखी उतरेल म्हणाले.

माझ्या मते हा दोष भावांवर पाळत ठेवणाऱ्या यंत्राचा नाही; चार पावलांनंतर वळावयाचे असते, हे त्याला कोणी शिकवलेले नाही आणि स्नेह्यांना शिकवण्याची माझी प्राज्ञा नाही. म्हणून माझा अर्ज ग्राहक व्यवहार खात्याकडे आहे. युरोपीय संघात मे २०२२ पासून सवलत जाहीर करणाऱ्या विक्रेत्याला, त्याआधीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत सोबत दाखवावी लागते. सबब विनंती, की आपल्याकडेही त्या आडव्या रेघेच्या आकड्याखाली हा एक आकडा छापण्याचा हुकूम व्हावा. म्हणजे पेन्शनरांनी घरोघर उघडलेली ही दफ्तरे बंद होतील आणि वहिनींना मिक्सर मिळेल. हुकूम दिवाळीपूर्वी निघाल्यास बरे.